पाय उचलल्यानंतरचा अर्धा सेकंद

जालना जिल्ह्यात अंबड किंवा घनसावंगी तालुक्यातल्या मोसंबीच्या बागेत गेलात तर झाडांकडे पाहण्याआधी विहिरीवर जा. मोटारीचा पाइप वर येतो, ठिबकच्या फिल्टरकडे वळतो, आणि त्या वळणाच्या अलीकडे एक फाटा काढून पुन्हा विहिरीत सोडलेला दिसतो. फाट्यावर एक वॉल. मोटार उचलते तेवढं सगळं पाणी ठिबकच्या नळ्यांना एका वेळी पेलत नाही, जास्तीचं या फाट्यातून माघारी विहिरीत पडतं. शेतकरी त्याला बायपास म्हणतो आणि त्याचं महत्त्व त्याला कोणी शिकवावं लागत नाही. बायपास बंद आहे, मोटार पूर्ण जोरात चालू आहे, आणि अशा वेळी घरातल्या पोरानं बागेतला मुख्य कॉक एका झटक्यात फिरवला, की सगळी लाइन धाडकन हादरते. सोल्युशनने चिकटवलेला बेंड निखळून उडालेला ज्याने एकदा पाहिला आहे, त्याला या प्रकरणातला निम्मा भाग आधीच ठाऊक आहे.

टर्बो असलेल्या पेट्रोल गाडीत हीच मांडणी बॉनेटखाली दाटीवाटीने बसवलेली असते. सायलेन्सरकडे निघालेल्या गरम धुराच्या जोरावर एक छोटं चाक फिरतं. त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकाला बसवलेलं चाक, म्हणजे कॉम्प्रेसर, बाहेरची हवा ओढून दाबतं. फेरे मिनिटाला दीड-दोन लाख. दाबलेली हवा तापते, म्हणून ती इंटरकूलरमधून गार होऊन जाते आणि मग थ्रॉटल बॉडीतून इंजिनात शिरते. टर्बो म्हणजे विहिरीवरची मोटार, आणि थ्रॉटलची चकती म्हणजे बागेतला कॉक. दाब फार मोठा असतो असं नाही. कारखान्यातून आलेल्या साध्या गाडीत तो बाहेरच्या हवेपेक्षा ०.७ ते १ बारने, कधी थोडा अधिक असतो. टायरमध्ये आपण साधारण २.२ बार भरतो, म्हणजे टायरच्या निम्माही नाही.

आता तुम्ही ओव्हरटेक करताय. पाय पूर्ण दाबलेला, टर्बो भरात. गिअर बदलायचा म्हणून रेस सोडता. थ्रॉटलची चकती डोळ्याचं पातं लवायच्या आत मिटते. कॉक बंद झाला, पण मोटार कुठे थांबली आहे? ते चाक त्याच वेगाने फिरतंय आणि हवा ढकलतंय. पाणी दाबलं जात नाही म्हणून पाइप फुटतो. हवा दाबली जाते, म्हणून ती माघारी वळते. मिटलेल्या चकतीवर आपटून आलेली हवा कॉम्प्रेसरच्या चाकातून उलटी निसटू पाहते, चाक पुन्हा तिला पुढे ढकलतं, ती पुन्हा मागे येते. सेकंदात अनेकदा हे होतं आणि त्याचा आवाज येतो: तुतुतुतु. इंग्रजीत याला सर्ज म्हणतात. मी त्याला कॉम्प्रेसरला लागलेली धाप म्हणतो. प्रत्येक धापेला दांड्यावर मागे-पुढे धक्का बसतो, आणि तो धक्का झेलणारं थ्रस्ट बेअरिंग आकाराने अगदी लहान असतं. त्यात चाकाचा वेग पडतो तो वेगळाच, म्हणजे पुढच्या गिअरमध्ये टर्बोला पुन्हा पहिल्यापासून जोर धरावा लागतो. कारखान्याच्या माफक दाबावर दोन-चार धापांनी टर्बो मोडत नाही, हेही सांगितलं पाहिजे. या विषयात घाबरवून माल विकणारे पुष्कळ आहेत.

ब्लो-ऑफ व्हॉल्व्ह म्हणजे या दाबलेल्या हवेसाठी ठेवलेलं मागचं दार. आत एक पिस्टन किंवा रबरी पडदा, त्यावर स्प्रिंग. खालून पाइपातला दाब त्याला उघडायला ढकलतो. वरून एका बारीक नळीने इंटेक मॅनिफोल्डचा, म्हणजे थ्रॉटलच्या पलीकडचा दाब येतो. पाय दाबलेला असताना थ्रॉटल उघडं असतं, त्यामुळे अलीकडे-पलीकडे दाब जवळजवळ सारखाच. दोन्ही बाजू तुल्यबळ, आणि स्प्रिंग वरच्या बाजूने उभी. झडप मिटलेली राहते. पाय उचलला की थ्रॉटलपलीकडे इंजिन हवेसाठी तडफडतं आणि तिथे व्हॅक्युम तयार होतो. आता वरून ओढ, खालून ढकल. झडप उघडते, हवा सुटते, दाब ओसरला की पुन्हा मिटते. सगळा खेळ जेमतेम अर्ध्या सेकंदाचा.

यातली एक गोष्ट नीट लक्षात घेतली तर पुढचे निम्मे घोटाळे टळतात. दाबाखाली झडप मिटलेली ठेवण्याचं काम मुख्यतः ती बारीक नळी करते, स्प्रिंग नव्हे. जास्त दाबाला जास्त कडक स्प्रिंग हवी, अशी गॅरेजांमधली समजूत इथेच फसते. दाब वाढला तर तो वरूनही तेवढाच वाढतो. स्प्रिंगला फक्त बरोबरी मोडायची असते.

आणि ही झडप गाडीला एकही हॉर्सपॉवर देत नाही. गाडी तासभर चालली तर त्यातली काही सेकंद ती उघडी असते, उरलेला सगळा वेळ तिने मिटून राहायचं असतं. समृद्धी महामार्गावर जालन्याहून ताशी १२० च्या मर्यादेत निघालेल्या गाडीत चालक तासन् तास पाय हलवत नाही, तेव्हा या झडपेला बोलायला जागाच नसते. ती बोलते मामा चौकाच्या गर्दीत किंवा अंबड रस्त्यावर उसाच्या ट्रॅक्टरमागून निघताना. उघडण्याचं काम स्वस्तातली झडपही करते. पैसे मोजायचे ते घट्ट मिटण्याचे, आणि बसवणाऱ्याचं कसबही तिथेच दिसतं.

आधी एक निराशाजनक बातमी देऊन टाकतो. जालन्यात टर्बो असलेल्या ज्या गाड्या गेली वीस-पंचवीस वर्षं धावत आल्या, त्यातल्या बहुतेक डिझेल: स्कॉर्पिओ, बोलेरो, सुमो, आणि एमआयडीसीत भंगार आणणारे आणि सळई नेणारे ट्रक. डिझेल इंजिनाला ही झडप लागत नाही. पेट्रोल इंजिनात आपण हवेचं दार कमी-जास्त उघडून ताकद ठरवतो. डिझेलमध्ये हवा मोकळी जाते आणि ताकद ठरते ती किती डिझेल फवारलं यावर. पाय उचलला की फवारा थांबतो, दार मिटत नाही. कॉकच नाही, मग लाइन कशाने हादरणार? नव्या कॉमन रेल डिझेलमध्ये एक फ्लॅप असतो खरा, पण तो धूर फिरवून घेण्यासाठी आणि इंजिन हळुवार बंद होण्यासाठी. तो पाय उचलल्याबरोबर फटकन मिटत नाही. आल्फ्रेड ब्युखी या स्विस इंजिनिअरने १९०५ साली टर्बोच्या कल्पनेचं पेटंट घेतलं, विसाच्या दशकात त्याचे टर्बो जहाजांच्या डिझेल इंजिनांवर चालू लागले, आणि या प्रश्नाने कोणाचं डोकं दुखलं नाही. पेट्रोल कारमध्ये टर्बो आला १९६२ साली, अमेरिकेत, जनरल मोटर्सच्या दोन गाड्यांमध्ये. डोकेदुखी आली ती त्या वाटेने.

तरीही डिझेल स्कॉर्पिओला 'फुस्स' लावून द्या म्हणणारे येतात. बाजारात त्यासाठी किट मिळतं: पेडलवर एक स्विच, एक सोलेनॉइड, आणि पाय उचलला की मुद्दाम दाब सोडणारी झडप. तो आवाज खरा असतो, पण त्यामागचं कारण खोटं. आणि ट्रकचा जो 'फुस्स' ऐकून ही हौस जन्मते तो टर्बोचा नसतोच. तो एअर ब्रेकचा. टाकीत पुरेसा दाब भरला की ड्रायर साठलेलं पाणी आणि हवा बाहेर टाकतो, किंवा चालक ब्रेक सोडतो, तेव्हा येणारा तो सुस्कारा. ट्रकच्या टर्बोचा आवाज चढावर येणाऱ्या बारीक शिट्टीचा असतो.

पेट्रोलकडे वळलो की गोष्ट जालन्याच्या वाटेवरच सापडते. औरंगाबादहून, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरहून, जालन्याकडे निघालं की शेंद्र्याची औद्योगिक वसाहत लागते. तिथे २००१ साली स्कोडाने ऑक्टाव्हियाची जुळणी सुरू केली. पुढे २००४ मध्ये त्याच ऑक्टाव्हियाचं आरएस हे रूप भारतात आलं: १.८ लिटरचं, वीस व्हॉल्व्हचं, टर्बो-पेट्रोल इंजिन, ताकद १५० हॉर्सपॉवरच्या आसपास. भारतात विकल्या गेलेल्या सुरुवातीच्या टर्बो-पेट्रोल गाड्यांमधली ही एक, आणि आज जुन्या गाड्यांच्या शौकिनांची लाडकी. हे इंजिन या प्रकरणाला अगदी हवं तसं आहे, कारण त्यात दोन गोष्टी एकत्र येतात. एक, त्यात हवा सोडणारी झडप कारखान्यातूनच येते, पण ती हवा बाहेर सोडत नाही. नळीने माघारी, टर्बोच्या तोंडाशी नेऊन सोडते. चक्क बायपास. दुसरी, त्यात हवा मोजणारा सेन्सर एअर फिल्टरच्या लगेच पुढे बसवलेला आहे.

दुसरी गोष्ट कळायला पुन्हा बागेत जाऊ. समजा, विहिरीच्या तोंडाशीच पाण्याचं मीटर बसवलंय आणि मीटरमधून गेलेल्या पाण्याच्या हिशेबाने व्हेंचुरीतून खत सोडलं जातं. बायपासचं पाणी मीटरच्या पुढून निघून मीटरच्या पुढेच पुन्हा लाइनीत आलं तर हिशेब बिघडत नाही. पण कोणी तो फाटा कापून पाणी बांधावर सोडलं, तर मीटर म्हणतं इतकं पाणी गेलं, खत पडतं तितक्या पाण्याचं, आणि बागेत पोचतं त्यापेक्षा कमी. खताचं प्रमाण जास्त होतं. गाडीत खत म्हणजे पेट्रोल. मोजून घेतलेली हवा बाहेर फुंकली की कॉम्प्युटर त्या उडून गेलेल्या हवेचंही पेट्रोल टाकतो. गिअर बदलताना काळपट धुराची पिचकारी येते, सिग्नलला गाडी थांबता थांबता बंद पडते, आणि जळायचं राहिलेलं पेट्रोल कॅटलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तिथे जळतं. कन्व्हर्टरच्या किमतीत बऱ्यापैकी दुचाकी येते.

म्हणून झडप घेण्याआधी दुकानदाराला ब्रँड विचारू नका, बॉनेट उघडून सेन्सर शोधा. फिल्टरच्या डब्यानंतर पाइपात चार-पाच तारांचा प्लग खोचलेला असेल तर तो बहुधा हवेचं माप घेणारा, मास एअर फ्लो सेन्सर. मग हवा माघारी नेणारीच झडप हवी, दुसरी चर्चा नाही. असा सेन्सर नसेल आणि मॅनिफोल्डवर दाब मोजणारा सेन्सर असेल, तर कॉम्प्युटर हवेचा अंदाज दाब आणि तापमानावरून बांधतो. बाहेर सोडलेल्या हवेने त्याचा हिशेब फारसा चुकत नाही. काही गाड्यांत दोन्ही असतात, तिथे मास एअर फ्लो आहे असंच धरून चाला. अलीकडच्या छोट्या टर्बो-पेट्रोल गाड्यांमध्ये, रांजणगावच्या नेक्सॉनपासून नाशिकच्या एक्सयूव्ही ३०० पर्यंत, दाब सांभाळायची व्यवस्था कारखान्यानेच केलेली आहे. तिथे नवी झडप लावणं ही गरज नसून हौस आहे, हे स्वतःशी कबूल करून पुढे जावं. हौसेला माझा विरोध नाही. हौसेला गरजेचं नाव दिलं की माणूस चुकीचा माल घेतो.

आता बसवण्याकडे. इंजिन पूर्ण गार असू द्या. टर्बोचं धुराकडचं घर लाल होईपर्यंत तापणारी वस्तू आहे, आणि मे महिन्यात जालन्याचा पारा बेचाळिशीच्या पुढे गेलेला असताना बॉनेटखाली दुपारी हात घालणं हा वेगळाच पराक्रम आहे. सकाळी करा.

जुनी झडप काढून तिच्या जागी तशीच चांगली बसवायची असेल, जसं त्या ऑक्टाव्हियात बरेचजण करतात, तर काम तासाभराचं. मूळ झडपेतला रबरी पडदा वर्षानुवर्षांच्या उष्णतेने कडक होऊन चिरतो आणि गाडी पिकअप देईनाशी होते. अनेकदा टर्बो गेला म्हणून हळहळणाऱ्या मालकाची फक्त ही झडप गेलेली असते. काढलेली झडप तोंडात धरून वरच्या नळीच्या टोकातून ओढून पाहण्याची जुनी पद्धत आहे. ओढ धरून राहिली तर पडदा शाबूत. (आधी पुसा. तिथे तेल असतं.) नवी बसवताना जुनीचं तोंड कुठल्या दिशेला होतं त्याचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा. या झडपांना दोन मोठी तोंडं असतात आणि उलटी बसवली तरी ती बसते. फक्त मग पाइपातला दाब वेगळ्या क्षेत्रफळावर पडतो आणि ती आधी उघडते किंवा उशिरा मिटते.

मूळ पाइपात जागाच नसेल तर पाइप कापून तिथे फ्लॅंज बसवावा लागतो. जागा निवडताना इंटरकूलरच्या पुढे, थ्रॉटलच्या जवळचा सरळ तुकडा शोधा. लाट जिथून उलटणार तिथेच दार असलेलं बरं, आणि इथली हवा गारही असते. पाइप अ‍ॅल्युमिनियमचा असेल तर आर्गन वेल्डिंग लागतं. जालना हे लोखंडाचं गाव, इथे वेल्डर शोधावा लागत नाही, पण सळईला डाग मारणारा प्रत्येक हात पातळ अ‍ॅल्युमिनियमवर चालेलच असं नाही. पाइप गाडीतून काढून, वर्कशॉपमध्ये नेऊन, टेबलावर वेल्ड करा. गाडीत लावलेल्या पाइपावर वेल्डिंग करू पाहणाऱ्याला चहा पाजून परत पाठवा.

वेल्डिंगनंतरची पायरी सगळ्यात कंटाळवाणी आणि सगळ्यात महत्त्वाची. भोक पाडताना उडालेला कीस, वेल्डचे मणी, ग्राइंडरची धूळ, हे सगळं पाइपाच्या आत असतं. आणि हा पाइप एअर फिल्टरच्या पुढचा आहे. इथून निघालेला कण थेट इंजिनात जातो, वाटेत अडवणारं कोणी नाही. आतून फाइलने धार मोडा, केरोसीनने धुवा, हवा मारा, पांढऱ्या फडक्याचा बोळा दोरीने ओढून आरपार काढा. फडकं पांढरं निघेपर्यंत. फ्लॅंज वेल्डिंगच्या उष्णतेने वाकडा झालाय का ते काचेच्या तुकड्यावर ठेवून पाहा. एका कोपऱ्याखालून उजेड दिसला तर ओ-रिंग कितीही चांगली असली तरी तिथून हवा निसटणार.

पाइप पुन्हा जोडताना सिलिकॉन होजच्या टोकांशी टी-बोल्ट क्लिप वापरा. स्क्रूने आवळायच्या साध्या क्लिपा होजमध्ये रुततात आणि दाबाखाली सैल पडतात. पाइपाच्या टोकाला उंचवटा काढलेला असेल तर क्लिप त्याच्या मागे बसली पाहिजे, वर नव्हे. होजच्या आत तेल किंवा ग्रीस लावून सरकवू नका. सहज सरकलेला होज तितक्याच सहज निसटतो. साबणाचं थोडं पाणी पुरे.

मग ती बारीक नळी. सगळं काम उत्तम करून गाडी बिघडते ती इथे. ही नळी थ्रॉटलच्या पलीकडून, मॅनिफोल्डवरूनच घ्यायची. काही वेळा मॅनिफोल्डवर मोकळं तोंड सापडत नाही म्हणून मेकॅनिक ती टर्बोच्या पाइपावरून, थ्रॉटलच्या अलीकडून घेतो. बसवायला सोपं, दिसायला नीटनेटकं. पण मग झडपेच्या वरही तोच दाब आणि खालीही तोच, कायमचा. ती आयुष्यात उघडत नाही, आणि मालक तुतुतुतु ऐकत फिरतो. दुसरी चूक अधिक गंभीर: ब्रेक बूस्टरच्या नळीत टी घालणं. तिथे व्हॅक्युम भरपूर असतो म्हणून मोह होतो. त्या जोडातून गळती झाली तर ब्रेकचं पेडल दगडासारखं कडक होतं. त्या नळीला हात लावू नका, कितीही घाई असली तरी. बूस्ट गेजच्या किंवा टर्बोचा दाब मर्यादेत ठेवणाऱ्या वेस्टगेटच्या नळीतही भागीदारी नको. झडपेला स्वतःची, आखूड, जाड भिंतीची, चार ते सहा मिलिमीटर आतल्या व्यासाची नळी द्या. नळी लांब आणि बारीक झाली की व्हॅक्युमची खबर उशिरा पोचते, आणि अर्ध्या सेकंदाच्या कामात उशिराला जागा नाही. धुराच्या घरापासून ती लांब ठेवा, दोन्ही टोकांना छोटी क्लिप लावा. ही नळी पूर्ण दाबात निसटली तर झडपेच्या वरचा दाब जातो, खालचा दाब तिला सताड उघडतो, आणि गाडी त्या क्षणी बैलगाडी होते.

स्प्रिंगकडे येऊ. बऱ्याच झडपांसोबत दोन-तीन स्प्रिंगा येतात, किंवा डोक्यावर फिरवायचा स्क्रू असतो. त्यांच्या कागदावर आयडलला किती व्हॅक्युम असेल तर कोणती स्प्रिंग, असा तक्ता असतो. तक्ते समुद्रसपाटीच्या हिशेबाने छापलेले असतात. जालना समुद्रसपाटीपासून सुमारे ५०० मीटर उंच. इथे हवेचाच दाब मुंबईपेक्षा साधारण ०.०६ बारने कमी, त्यामुळे मुंबईत आयडलला उणे ०.६६ बार दाखवणारी गाडी इथे उणे ०.६० च्या आसपास दाखवेल. फरक बारीक आहे, पण तक्त्यातल्या दोन स्प्रिंगांच्या सीमेवर असलात तर निवड बदलते. गेज लावून स्वतःच्या गाडीचा आकडा इथेच मोजा.

स्प्रिंग फार कडक असेल तर कमी दाबावर पाय उचलल्यावर झडप उघडत नाही आणि धाप ऐकू येते. त्यात मोठं नुकसान नाही. फार मऊ असेल तर आयडलच्या व्हॅक्युमनेच ती उघडी पडते, आणि हे मात्र जालन्यात महाग पडतं. कारण आयडलला टर्बो दाब देत नसतो. उलट इंजिन हवा ओढत असल्याने त्या पाइपात बाहेरच्यापेक्षा किंचित कमी दाब असतो. हवेत उघडणारी झडप अशा वेळी उघडी राहिली तर ती बाहेर फुंकण्याऐवजी आत ओढते, आणि ओढते ती फिल्टरला वळसा घालून. उन्हाळ्यात शेतरस्त्यावरून उडणारी काळ्या मातीची भुकटी आणि एमआयडीसीच्या बाजूची भट्ट्यांची धूळ थेट सिलिंडरमध्ये. कंपनी फिल्टर बदलायला सांगते त्याच्या निम्म्या किलोमीटरला इथले जाणते मेकॅनिक तो बदलतात, आणि आपण मात्र फिल्टरच्या पुढे चोरदार उघडून ठेवतो. धुळीचा रस्ता रोजचा असेल त्याने, सेन्सर कुठलाही असो, माघारी नेणारी झडपच घ्यावी असं माझं स्पष्ट मत आहे. ती आयडलला उघडी राहिली तरी फिल्टर झालेलीच हवा ओढते. आवाज कमी येतो. चालेल.

नव्या युरोपीय टर्बो इंजिनांपैकी बऱ्याच गाड्यांत ही सगळी यातायात नसते. तिथे झडप टर्बोच्या अंगावरच, विजेवर चालणारी आणि कॉम्प्युटरच्या हुकमाने उघडणारी असते. व्हॅक्युमची नळीच नाही. फोक्सवॅगन समूहाच्या दोन लिटर इंजिनातल्या सुरुवातीच्या अशा झडपांचा पडदा फाटायचा, पुढे कंपनीनेच पिस्टनची सुधारित आवृत्ती आणली. अशा गाडीत फाटलेली झडप बदलून कंपनीची सुधारित झडप लावणं एवढंच शहाणपणाचं. तिच्याखाली आवाजासाठी चकती सरकवणारे किट मिळतात. त्यांचे बोल्ट लहान, घर अ‍ॅल्युमिनियमचं, आणि लांब पान्याने आवळणाऱ्याने आटे खाल्ले की दुरुस्ती टर्बो उतरवून.

कायद्याचं थोडक्यात. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातले तपशील मूळ कंपनीच्या तपशिलांपेक्षा वेगळे होतील असा बदल करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये ही भूमिका पक्की केली. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२अ मध्ये परवानगीबाहेरच्या प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही अशी तरतूद आहे. कंपनीची फाटलेली झडप तशाच झडपेने बदलणं ही दुरुस्ती. हवेत सोडणारी लावणं हा बदल, आणि त्यातून निव्वळ हवा सुटत नाही. इंजिनाच्या पोटातली तेलकट वाफही त्याच पाइपात सोडलेली असते, ती रस्त्यावर जाते. वॉरंटी चालू असेल तर इंजिनच्या दाव्याला तिथेच पूर्णविराम.

काम झालं की गाडी रस्त्यावर नेण्याआधी दाब भरून पाहा. टर्बोच्या तोंडाला बूच लावून, त्यातल्या टायरच्या वॉलमधून ०.७ बारपर्यंत हवा भरा आणि प्रत्येक जोडावर साबणाचं पाणी सोडा. पंक्चरवाला ट्यूब घमेल्यात बुडवून जे शोधतो तेच आपण शोधायचं. झडपेच्या तोंडाशी बुडबुडे आले तर आधी नळी तपासा, मग ओ-रिंग, मग फ्लॅंज, सगळ्यात शेवटी झडपेला दोष द्या. मग इंजिन चालू करून आयडलला झडपेच्या तोंडाशी पातळ कागदाची पट्टी धरा. पट्टी आत ओढली गेली तर स्प्रिंग मऊ आहे. ओबीडी स्कॅनर असेल तर फ्युएल ट्रिमचे, म्हणजे कॉम्प्युटर पेट्रोल किती कमी-जास्त करतोय त्याचे, आकडे पाहा. झडप बसवण्याआधी जे होते त्याच्या आसपास असले पाहिजेत, उणे-अधिक दहा टक्क्यांपलीकडे गेले तर कुठेतरी हिशेबाबाहेरची हवा आहे. रस्त्यावरची चाचणी मोकळ्या गावरस्त्यावर, तिसऱ्या गिअरमध्ये, दोन हजारापासून चार हजार आरपीएमपर्यंत आणि मग पाय झटकन उचलून. समृद्धीवर नको. तिथे कान देऊन ऐकायला थांबण्याची सोय नाही.

महिन्याभराने, हजारेक किलोमीटर झाल्यावर, थ्रॉटलजवळचा होज सोडवा आणि पाइपात बोट फिरवा. बोटाला तेलाचा पातळ थर लागेल, तो असतोच. त्या तेलात काळ्या मातीचं पीठ कालवल्यासारखं बोटांत कचकचलं, तर झडप मिटत नाहीये. स्प्रिंग बदलून पुन्हा कागदाच्या पट्टीपासून सुरुवात.